घर हीच शाळा : देवराष्ट्रेच्या रमाबाई

तासगावहून वायव्येच्या दिशेने निघून पलूस आणि कुंडल मागे टाकले की सागरेश्वराच्या डोंगररांगेच्या आश्रयाला वसलेले देवराष्ट्रे हे गाव लागते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून ते सर्वांना परिचित आहे. मात्र यशवंतरावांच्या जन्माच्या सुमारे पन्नास वर्षे आधी, १८६२ मध्ये, याच गावातील कुर्लेकरांच्या घरी एक कन्या जन्माला आली होती. तिचे नाव यमुना. या मुलीचे नाव कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर कधी चढले नाही. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत तिला अक्षरओळखही नव्हती. पुढे हीच मुलगी रमाबाई रानडे या नावाने मराठीतील एका श्रेष्ठ आठवणींच्या ग्रंथाची लेखिका झाली आणि हजारो स्त्रियांना शिक्षणाची वाट दाखवणाऱ्या संस्थेची आधारस्तंभ ठरली. या दोन टोकांमधले सारे शिक्षण घरातच झाले.

कोरोनाच्या साथीत २०२० साली शाळांची दारे बंद झाली आणि घरोघरच्या दिवाणखान्यांचे वर्ग झाले. त्याआधीही पुण्या-मुंबईतील काही मोजके पालक आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा प्रयोग करीत होते. साथ ओसरल्यावरही काहींनी ती वाट सोडली नाही. या पालकांपुढचा मोठा प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो, तर नोंदीचा असतो. शाळेत प्रगतिपुस्तक असते, चाचण्या असतात, इयत्ता असते. घरात मूल भाजी निवडताना जे शिकले, वर्तमानपत्र वाचताना जे शिकले, आजीच्या गोष्टीतून जे शिकले, ते कोणत्या वहीत लिहायचे? कुणी चित्रांची वही ठेवतो, कुणी भिंतीवर तक्ता लावतो, कुणी दररोजची डायरी लिहितो. हा प्रश्न नवा वाटला तरी नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका वाड्यात एकच विद्यार्थिनी असलेली अशी शाळा भरत होती आणि तिची नोंद त्या विद्यार्थिनीनेच ठेवली आहे.

तेव्हाचा सातारा जिल्हा

आजचा सांगली जिल्हा त्या काळी अस्तित्वात नव्हता. तासगाव, खानापूर, वाळवा हे सारे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये ते वेगळे होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या जुन्या सातारा जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ मध्ये नायगावचा, काशीबाई कानिटकर यांचा १८६१ मध्ये आष्ट्याचा आणि रमाबाईंचा देवराष्ट्रेचा. एक मुलींची शिक्षिका झाली, दुसरी मराठीतील आद्य लेखिकांपैकी एक, तर तिसरी समाजसेविका. या तिघींचाही खरा विद्याभ्यास लग्नानंतर, सासरच्या घरात सुरू झाला. माहेरी असताना मुलीने अक्षर गिरवावे ही कल्पनाच त्या काळच्या बहुतेक घरांना मानवणारी नव्हती. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुलीला वैधव्य येते, हा समज घट्ट रुजलेला होता.

कुर्लेकरांचे घर सुस्थितीतले आणि धार्मिक वळणाचे होते. यमुनेला पाटी-पुस्तक मिळाले नाही, तरी ती अगदी कोरी राहिली असे म्हणता येत नाही. व्रतवैकल्ये, पुराणातील कथा, घरातली कामे, आल्यागेल्याची उठबस यांतून जे संस्कार होतात ते तिच्यावरही झाले. ज्याला शिक्षण म्हणावे असे मात्र त्यात काही आहे, हे तिच्या किंवा घरच्यांच्या मनातही आले नसेल. गोष्ट ऐकून ती जशीच्या तशी लक्षात ठेवण्याची तिची शक्ती मात्र पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

एक लग्न, दोन दुःखे

१८७३ मध्ये पुण्याचे सबजज्ज महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई क्षयाने निवर्तल्या. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले एक अग्रणी म्हणून त्यांचे नाव गाजत होते. आता ते स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि नेमकी हीच भीती त्यांचे वडील गोविंदराव यांना वाटत होती. वडिलांनी घाईने वधू शोधली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अकरा वर्षांच्या यमुनेशी रानड्यांचा विवाह झाला. यमुनेची रमा झाली. वडिलांचा शब्द मोडण्याचे धैर्य रानड्यांना झाले नाही. सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली आणि सनातन्यांनी त्यांची थट्टा केली. हा सल त्यांना जन्मभर राहिला.

देवराष्ट्रेहून पुण्याला आलेल्या मुलीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिच्यासमोर होता तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, विद्वान आणि अबोल पती, आणि माणसांनी भरलेले एक अपरिचित घर. रानड्यांनी मात्र लग्न होताच एक गोष्ट निश्चित केली. ज्या मुलीशी आपल्या मनाविरुद्ध लग्न झाले आहे, तिला आपल्या बरोबरीची सहचारिणी करायचे, आणि त्याची सुरुवात अक्षरांपासून करायची. अशा रीतीने त्या घरात शाळा सुरू झाली.

माडीवरचा वर्ग, माजघरातला विरोध

या शाळेची वेळ ठरलेली होती. दिवसभराची न्यायालयातील कामे, सभा, भेटीगाठी आटोपल्यावर रात्री सुमारे दोन तास रानडे रमाबाईंना शिकवीत. पाटीवर मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, मग वाचन आले. हळूहळू अंकगणित, इतिहास आणि भूगोल यांची भर पडली. पती किती विद्वान असला तरी लहान मुलीला पहिली पुस्तके शिकवणे ही वेगळी कला असते, हे रानड्यांनी ओळखले असावे. म्हणून पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातील सगुणाबाई देव या शिक्षिकेची शिकवणी लावण्यात आली. घरातल्या शिक्षणाला बाहेरच्या शिक्षकाची जोड द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याची प्रगती कुणा त्रयस्थालाही दिसते, ही त्यामागची दृष्टी आजच्या पालकांनाही पटेल.

माडीवर वर्ग भरत होता तेव्हा खाली माजघरात असंतोष धुमसत होता. रानड्यांच्या घरी बायकांचा राबता मोठा होता. सावत्र सासूबाई होत्या, विधवा नणंद होती, आश्रयाला आलेल्या आणि नात्यातल्या वयस्क स्त्रिया होत्या. त्यांच्या दृष्टीने सुनेने रात्री पतीजवळ बसून पुस्तक वाचणे हा निर्लज्जपणा होता. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला कुणी काही बोलू शकत नव्हते, त्यामुळे सारा राग अकरा-बारा वर्षांच्या सुनेवर निघे. टोमणे, कुजबुज, अबोला हे रोजचेच झाले. तुला वाचायचेच असेल तर वाच, पण आमच्यासमोर नको, असा समजुतीचा सूर कधी लागे, तर कधी नवऱ्याचे प्रत्येक म्हणणे मनावर घेऊ नये असा व्यवहारी उपदेश होई.

या बायकांना खलनायिका ठरवणे सोपे आहे. त्यांतल्या अनेकजणी लहान वयात विधवा झालेल्या होत्या. ज्या नियमांनी त्यांचे आयुष्य कोमेजून गेले, त्याच नियमांत त्यांची प्रतिष्ठाही होती. जे त्यांना कधी मिळाले नाही ते धाकट्या सुनेच्या हाती येताना पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. रमाबाईंनी पुढे या सगळ्या प्रसंगांचे वर्णन केले ते आश्चर्य वाटावे इतक्या शांतपणे. दिवसभरात जे सोसले ते त्या रात्री पतीला सांगत नसत. धडा मात्र चुकू देत नसत.

हिशेबाची वही

१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. पुण्यातले भरलेले घर मागे राहिले आणि रमाबाईंना प्रथमच मोकळा श्वास घेता आला. येथे त्यांच्या शिक्षणाला वेगळे वळण लागले. रानड्यांनी घरखर्चाची रक्कम त्यांच्या हाती सोपवली आणि तिचा रोजचा हिशेब लिहून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे दिले. वरवर पाहता ही गृहिणीची साधी कामगिरी वाटते. परंतु आठवड्याचा बाजार, धान्याचा साठा, गडीमाणसांचा पगार, पाहुण्यांचा खर्च हे सारे कागदावर उतरवणे आणि शिल्लक जुळवणे, यात अंकगणिताचा जो सराव होतो तो पुस्तकातल्या उदाहरणांनी होत नाही. शिवाय रोज निजण्यापूर्वी दिवसाचा आढावा घेऊन तो लिहून ठेवण्याची सवय जडते. पुढे ज्या हाताने एका संस्थेचा कारभार सांभाळला, त्या हाताला पहिले वळण या हिशेबाच्या वहीने दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाशिक आणि त्यानंतर १८७९ मध्ये धुळे, अशा मुक्कामांत रमाबाईंनी इंग्रजीचा अभ्यास केला. धुळ्याची बदली ही सरकारच्या संशयाची परिणती होती. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड नुकतेच गाजले होते, पुण्यातील बुधवार वाडा जळाला होता आणि रानड्यांसारख्या पुढाऱ्यावर सरकारची नजर होती. बाहेर असे वातावरण असताना घरातला वर्ग बिनबोभाट चालू राहिला. बदली झाली म्हणून ज्या शाळेचा दाखला काढावा लागत नाही अशी ती शाळा होती. गुरू जेथे जाईल तेथे ती जाई.

नाशिकच्याच मुक्कामात शाळेच्या एका समारंभात रमाबाईंना प्रथम चारचौघांपुढे बोलण्याचा प्रसंग आला. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. ते नीट वाचणे एवढेच त्यांचे काम होते. तरीही पडद्यासारख्या रीतीत वाढलेल्या तरुण स्त्रीने सभेत उभे राहून वाचणे, ही त्या काळात सामान्य घटना नव्हती. माडीवर एकट्याने केलेल्या वाचनाचे ते पहिले जाहीर प्रात्यक्षिक होते.

गुरूही विद्यार्थी

१८८१ मध्ये रानडे पुन्हा पुण्यात आले. पुढच्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. पंडिता रमाबाईंचेही शिक्षण घरीच झालेले होते. आईवडिलांनी त्यांना रानावनात आणि तीर्थयात्रांत हिंडताना संस्कृत शिकवले होते. रमाबाई रानडे आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. मिस हरफर्ड या बाईंकडे इंग्रजीचे धडेही सुरू झाले. घरात गोरी ख्रिस्ती बाई शिकवायला येते म्हटल्यावर सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न उभा राहिला आणि जुने वाद नव्या जोराने उफाळून आले. सभेहून परतल्यावर रमाबाईंशी कुणी बोलू नये, असेही होई.

याच सुमारास मुलींसाठी इंग्रजी शाळा काढण्याची खटपट रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृती करीत होते. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मांडायचे इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंवर सोपवण्यात आले. दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्या मुलीला आपले नाव लिहिता येत नव्हते, ती प्रांताच्या गव्हर्नरासमोर इंग्रजीत मागणी वाचत होती. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली. त्या शाळेच्या पायाशी एका घरातल्या शाळेचा असा एक दगड आहे.

सरकारी वित्त समितीच्या कामासाठी १८८६ मध्ये रानड्यांना कलकत्त्याला राहावे लागले. तेथे त्यांनी बंगाली शिकण्यास आरंभ केला. दाढी करायला आलेल्या न्हाव्यासमोरही पुस्तक उघडून ते मोठ्याने वाचत आणि अडलेला शब्द त्यालाच विचारीत. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस न्हाव्याला गुरू करतो याची रमाबाईंना गंमत वाटली. त्यावर रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. मग रानड्यांनी स्वतः शिकलेले बंगाली रमाबाईंना शिकवायला घेतले आणि काही काळातच त्या बंगाली वर्तमानपत्र वाचू लागल्या. घरी शिकवणाऱ्या पालकाला सगळेच येत असले पाहिजे, या समजुतीला हा प्रसंग चांगले उत्तर आहे. शिकवणारा स्वतः शिकताना दिसला की शिकणाऱ्याचा संकोच जातो.

रानड्यांना डोळ्यांचा विकार होता. त्यामुळे वर्तमानपत्रे, टपाल आणि पुस्तके मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. यातून त्यांचे वाचन विस्तारले. राजकारण, अर्थकारण, शेती, जगातील घडामोडी, जे जे रानड्यांना लागे ते ते त्यांच्या नजरेखालून जाई. विद्यार्थिनी गुरूची वाचक झाली होती. दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देणाऱ्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी रानड्यांना पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत फिरती असे आणि रमाबाई त्यांच्याबरोबर जात. आपण ज्या मुलखातून आलो त्या मुलखाची, तिथल्या बायकांची आणि तिथल्या दारिद्र्याची ओळख त्यांना या फिरतीत नव्याने झाली. भूगोलाच्या पुस्तकात ही ओळख मिळाली नसती.

न बोलता दिलेली शिक्षा

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. रानडे शांत स्वभावाचे होते, पत्नीवर हात उगारणाऱ्यांपैकी नव्हते. त्याच काळात आनंदीबाई जोशी यांना शिकवताना गोपाळराव जोशी किती कठोर होत, हे आनंदीबाईंच्या चरित्रावरून दिसते. हे चरित्रही आष्ट्याच्या काशीबाई कानिटकरांनीच लिहिले. रानडे तसे नव्हते. पण त्यांच्याकडे अबोल्याचे शस्त्र होते. रमाबाई घरातल्या बायकांच्या दबावाला बळी पडून मागे सरल्या, तर रानडे रागावत नसत. ते बोलणेच बंद करीत. ते मौन रमाबाईंना कोणत्याही शब्दापेक्षा अधिक लागे आणि अखेर त्याच क्षमा मागत.

एका बाजूला माजघराचा अबोला आणि दुसऱ्या बाजूला माडीवरचा अबोला, अशा कोंडीत ही मुलगी वाढली. तिला शिकायचे आहे की नाही, हे तिला कुणी विचारले नव्हते. लग्नही तिला विचारून झाले नव्हते आणि शिक्षणही. पुढे ती शिक्षणात रमली, हे तिचे आणि इतरांचेही सुदैव. घरातल्या शाळेत गुरू आणि पालक, किंवा गुरू आणि पती, एकच व्यक्ती असते. तेथे विद्यार्थ्याला तक्रार करायला दुसरे दार नसते. या शाळेचा गौरव करताना एवढे भान ठेवायला हवे.

शाळेचे दार उघडले

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी १८९४ मध्ये हिंदू स्त्रियांसाठी सामाजिक व वाङ्मयीन मंडळ सुरू केले. तेथे भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम, हस्तकला यांचे वर्ग चालत. घरी जे स्वतःला मिळाले ते इतर बायकांपर्यंत पोहोचवण्याचा हा पहिला प्रयत्न होता. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाईंचे वय चाळिशीच्या आत होते. सत्तावीस वर्षे चाललेली ती शाळा बंद झाली.

काही काळ त्या पुण्यात सर्वांपासून दूर राहिल्या. मग हळूहळू बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची स्थापना केली तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन उभे राहिले. त्याची सुरुवात रमाबाईंच्या पुण्यातील राहत्या वाड्यात झाली. ज्या घरात एका मुलीला वाचायला शिकवण्यावरून वाद झाले होते, त्याच घराण्याच्या छताखाली आता परक्या बायका पाटी घेऊन बसू लागल्या.

सेवासदनाच्या रचनेत रमाबाईंच्या स्वतःच्या शिक्षणाच्या खुणा स्पष्ट दिसतात. शाळेचे वय उलटून गेलेल्या गृहिणींसाठी आणि विधवांसाठी प्राथमिक वर्ग होते. शिक्षिका तयार करण्याची सोय होती. परिचारिकांचे शिक्षण, शिवण, संगीत यांचे वर्ग होते. लिहिणे-वाचणे आणि हाताला काम, ही दोन्ही एकत्र चालत. घरची कामे उरकून दुपारी येणाऱ्या स्त्रीला शिकता यावे याचा विचार तेथे होता. घरात विरोध सोसून शिकणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले होते त्यांनाच हे सुचू शकत होते. रानड्यांसारखा पती प्रत्येकीच्या नशिबी नसतो. जे स्वतःला नशिबाने मिळाले, ते इतरांना संस्थेने मिळावे, असा त्यांच्या उत्तरायुष्याचा ध्यास होता.

१९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला तेव्हा त्यातून मुलींना वगळू नये, यासाठी रमाबाई पुण्याच्या स्त्रियांसह उभ्या राहिल्या. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्यांनी खटपट केली आणि १९२१ मध्ये कायदे कौन्सिलने तसा ठराव संमत केला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले. अर्धशतकानंतर, २०१२ मध्ये, ‘उंच माझा झोका’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे छोट्या रमेची पाटी घराघरांत पोहोचली.

विद्यार्थिनीने लिहिलेले प्रगतिपुस्तक

या घरच्या शाळेत परीक्षा झाल्या असतील, पण प्रमाणपत्र मिळाले नाही. तिची नोंद उरली ती ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात. पती निवर्तल्यानंतर नऊ वर्षांनी, १९१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. रमाबाईंनी तो लिहिला पतीचे स्मरण म्हणून आणि तो रानड्यांच्या मृत्यूपाशीच संपतो. स्वतःच्या सार्वजनिक कार्याविषयी त्या त्यात बोलत नाहीत. तरीही वाचणाऱ्याला रानड्यांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, त्यांची विद्यार्थिनी दिसत राहते.

ही नोंद जर रानड्यांनी ठेवली असती तर तिच्यात काय आले असते, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यात इयत्ता आल्या असत्या, पुस्तकांची नावे आली असती, झालेले धडे आणि राहिलेले धडे आले असते. माजघरातले टोमणे त्यात आले नसते, कारण ते त्यांच्या कानावर घातलेच गेले नव्हते. स्वतःच्या मौनाचा विद्यार्थिनीच्या मनावर काय परिणाम होतो, हेही त्यात आले नसते. न्हावी गुरू झाल्याची गंमत कदाचित त्यांना नोंदवण्याजोगी वाटली नसती. विद्यार्थिनीने स्वतः लिहिले म्हणून शिक्षणाबरोबर शिक्षणाची किंमतही नोंदली गेली. आपल्या चुका, आपला भित्रेपणा, आपल्याला आलेला राग, हे सारे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. यशाच्या यादीपेक्षा हा भाग अधिक बोलका आहे.

आज मुलांना घरी शिकवणारे पालक कष्टाने नोंदवह्या ठेवतात. छायाचित्रे चिकटवतात, तासांचा हिशेब ठेवतात, मुक्त शाळेच्या परीक्षेची तयारी करून घेतात. शाळेत जाणाऱ्या मुलांचे पालकही प्रकल्पवह्या सजवतात आणि बऱ्याचदा त्या स्वतःच सजवतात. देवराष्ट्रेच्या यमुनेच्या चरित्रातून त्यांना घेण्यासारखे बरेच आहे. अभ्यासाची वेळ थोडी असावी, पण ठरलेली असावी आणि ती मोडू नये. घरातली कामे अभ्यासाच्या आड येतात असे न मानता त्यांचाच धडा करावा. बाजारहाटाचा हिशेब मुलाच्या हाती द्यावा. मोठ्यांनी स्वतः काहीतरी नवे शिकताना मुलांना दिसावे. अधूनमधून घराबाहेरच्या माणसासमोर वाचून-बोलून दाखवण्याची संधी द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वही मुलाची स्वतःची असावी. तिच्यात काय लिहायचे ते मुलाने ठरवावे, आणि तिच्यात पालकांविषयीची तक्रारही लिहिलेली असू शकते, हे पालकांनी मान्य करावे.

तासगावच्या परिसरात द्राक्षांचे मळे फुलले, कारखाने आले, शाळा-महाविद्यालये झाली. देवराष्ट्रेतल्या मुली आज शाळेत जातात, त्यासाठी कुणाला माडीवर लपून वाचावे लागत नाही. सागरेश्वराच्या अभयारण्याकडे जाणारे पर्यटक या गावावरून जातात आणि यशवंतरावांचे जन्मघर पाहण्यासाठी थांबतात. त्यांच्यापैकी कुणी या मातीतल्या यमुनेचीही आठवण काढली, आणि घरी परतल्यावर आपल्या मुलाला किंवा मुलीला एक कोरी वही दिली, तर तिच्या शाळेत आणखी एक नाव दाखल होईल.